तान्ह्या पोळ्याले पाळी, अन् तेराव्या दिवशी सोनोग्राफी

स्क्रीनवर हे जे राखाडी दिसून राहिलंय ना, त्यात हा लांबट गोळा बघा, मोठ्या खारकेएवढा, तीनेक सेंटीमीटर लांब अन् दोनेक रुंद. हे अंडाशय. गर्भपिशवीच्या दोन बाजूला दोन असतात. आणि त्यात हे काळे गोल ठिपके, जे पाहून भल्याभल्या बायांच्या पोटात गोळा येतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सोनोग्राफी सेंटर. आज बाजार आहे म्हणून गर्दी जास्त. बाकावरच्या बाया बाटल्यावर बाटल्या पाणी पिऊन राहिल्या, कारण पोटावरून तपासायचं तर लघवीची पिशवी भरलेली लागते, ती भरली की आतड्यांना बाजूला सारते आणि तिच्या पाण्यातून आवाजाच्या लहरी सरळ मागच्या अंडाशयापर्यंत पोचतात. आतड्यात गॅस, आणि गॅस मधे आला की पुढचं काही दिसत नाही. आतून सोनोग्राफी करायची असेल तर मात्र उलटं, लघवी करून यायचं.

कापूस वेचणीचा खाडा करून एक ताई आलीय, सोबत सासू. पन्नीतून घडी केलेला जुना रिपोर्ट काढते.

"डाव्या बाजूनं दोन सेंटीमीटरची गाठ हाय म्हणते घरचे. काढा लागते काय वो मॅडम?"

डॉक्टर मॅडम रिपोर्ट नंतर बघतात, आधी विचारतात, "तेव्हा पाळी कधी आली होती?"

ताई बोटं मोजते. "तान्ह्या पोळ्याले आली. अन् हे काढलं गणपती शिरवाच्या आदल्या दिवशी."

म्हणजे तेरावा दिवस! मॅडम हसतात.

आता हे तेराव्या दिवसाचं गणित काय ते बघू. पाळीच्या सुरुवातीला दोन्ही अंडाशयात दोन ते नऊ मिलिमीटरचे बरेच छोटे काळे ठिपके असतात. हे फॉलिकल, पाण्यानं भरलेल्या बारीक पिशव्या, पाणी स्क्रीनवर काळं दिसतं म्हणून काळे. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच नावाचं संप्रेरक (हार्मोन) येतं, काही वाढायला लागतात, आणि आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत त्यातलं एक पुढं निघतं, 10 मिलिमीटरच्या वर जातं, बाकीचे मागं पडून सुकतात. पुढं गेलेलं रोज साधारण दोन मिलिमीटरनं वाढतं, त्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक सुटतं, तिकडं गर्भपिशवीचं अस्तर जाड होऊन तीन रेघांचं दिसायला लागतं. 18 ते 25 मिलिमीटर झालं की त्याच पिट्युटरीतून एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची लाट येते आणि दीड दिवसाच्या आसपास ते फुटून बीज बाहेर पडतं. तर ताईची दोन सेंटीमीटरची "गाठ" म्हणजे त्या महिन्याचं तयार फॉलिकल, आणि ती बिचारी तेव्हापासून घोर लावून बसलेली.

बीज स्वतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, ते सोनोग्राफीत दिसतच नाही. डच डॉक्टर रेनिए द ग्राफ यांनी 1672 मध्ये या फॉलिकलचं वर्णन केलं तेव्हा त्यांना अख्खी पिशवीच बीज वाटली होती, खरं बीज कार्ल फॉन बेअर यांना 1827 मध्ये दिसलं.

फुटल्यावर गंमत संपत नाही. त्याच जागी कॉर्पस ल्युटियम तयार होतं, भिंत जाड, वेडीवाकडी, कधी आत रक्त साचून जाळीसारखं दिसतं, आणि कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावलं की भोवती रक्तप्रवाहाचं कडं पेटतं. हे प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवतं. दिवस राहिले नाहीत तर दोन आठवड्यात विरतं अन् पाळी येते. पण नेमकं त्याच दिवसात तपासलं आणि कागदावर "कॉम्प्लेक्स सिस्ट", म्हणजे आत नुसतं पाणी नसलेली गाठ, असं आलं की घरात रडारड. माझं मत विचाराल तर शेवटच्या पाळीची तारीख न लिहिलेला अंडाशयाचा रिपोर्ट अर्धाच समजावा.

पीसीओडीचंही (अंडाशयात ठिपके जास्त अन् पाळी अनियमित, तो त्रास) तसंच, चार ठिपके दिसले की पोरीवर शिक्का. आतून केलेल्या सोनोग्राफीत एका अंडाशयात वीस किंवा जास्त ठिपके, नाहीतर आकारमान 10 मिलिलिटर किंवा जास्त, असा आजचा निकष आहे, तोही एकटा पुरत नाही. किशोरवयीन पोरींचं तर सोनोग्राफीवरून ठरवूच नये असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात ठिपके जास्त असतातच.

आज ताईचा सहावा दिवस. डावीकडं ते मोठं काही उरलं नाही, दोन्हीकडं बारीक ठिपके.

"मंग गेली कुठी?" सासूबाई.

मॅडम त्यांनाही टेबलावर घेतात, ओटीपोट जड वाटते म्हणून सांगून राहिल्या होत्या. त्यांची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, अंडाशय आक्रसलेलं, ठिपके नाहीत, शोधायलाच वेळ लागतो. इथं मात्र हिशेब वेगळा. या वयात महिन्याचं फॉलिकल तयार होत नाही, म्हणून मोठी किंवा आत घट्ट भाग असलेली गाठ दिसली तर पाळीची वाट बघत बसायचं नसतं, पुढच्या तपासण्या लगेच. सासूबाईंच्या अंडाशयात तसं काही निघालं नाही.