बग्गीच्या टपावरचं ऊन

सकाळचे साडेसहा वाजलेत, कर्जतजवळचं एक रिसॉर्ट. पार्किंगच्या मागे आंब्याखाली तीन बग्ग्या उभ्या आहेत आणि चौथी मात्र लांब, एकटीच, उघड्यावर. कागदावर यांचं नाव गोल्फ कार्ट, पण इथे गोल्फ कोण खेळतंय, पाहुण्यांच्या बॅगा आणि गुडघे दुखणाऱ्या आज्या गेटपासून रूमपर्यंत न्यायच्या, एवढंच काम.

बग्ग्या सांभाळणारे काका सीट उचलतायत. खाली बघा, सहा बॅटऱ्या, प्रत्येकी ८ व्होल्टची, एकापुढे एक जोडल्या की झाले ४८. साध्या, वरून पाणी घालायच्या बॅटऱ्या, १७० अँपिअर-अवरच्या. हिशोब केला तर पोटात आठेक युनिट वीज मावते, पण वापरायची त्यातली निम्मीच, रोज तळ गाठला तर बॅटऱ्या लवकर जातात.

आणि ही जी एकटी उभी आहे ना, तिच्या टपावर ३५० वॅटचं सोलर पॅनल आहे. वीसेक किलोची काच, मूळचं प्लॅस्टिकचं छत ते पेलणार नाही म्हणून खालून पाइपची फ्रेम वेल्ड करून घेतली. पहिल्यांदा बसवलं तेव्हा दोन महिने कोणाला कळलंच नाही की काहीच चार्ज होत नाहीये! पॅनल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग सांभाळणारा डबा असतो, कंट्रोलर, त्यावर हिरवा दिवा लागायचा, सगळे खूश. गंमत अशी की एका पॅनलमधून येतात ३५-४० व्होल्ट आणि ४८ची बॅटरी पूर्ण भरायला लागतात ५८ च्या आसपास. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत आपोआप चढतं का, पंप लागतोच, तसा इथे व्होल्टेज वर चढवणारा बूस्ट कंट्रोलर लागतो, आणि लावणाऱ्याने लावला होता साधा. तो बदलला, मधे एक फ्यूज टाकला, मग कुठे गाडी रुळावर आली.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, मग प्लगला लावायचीच नाही का? लावायची हो. चांगल्या उन्हात दिवसाला पाच तासांचं ऊन धरा, त्यातून धूळ, तापलेली काच, पॅनल आडवं, असं सगळं वजा करता हातात पडतं एक-सव्वा युनिट. इथल्या चढ-उतारावर तेवढ्यात बग्गी सात-आठ किलोमीटर जाते. शनिवार-रविवारी ती याच्या दुप्पट पळते, म्हणजे रात्री प्लग आहेच. आणि दिवसाला एक युनिट वाचलं म्हणून पॅनलचे पैसे वसूल करायला बसलात तर बसाच!

फायदा आहे तो दुसरीकडे. बॅटरी वापरून जेवढी मरते त्यापेक्षा जास्त अर्धी उपाशी उभी राहून मरते. वीज वापरली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट बसतं, लगेच चार्ज केलं तर परत विरघळतं, आठवडेच्या आठवडे तसंच ठेवलं तर कडक होतं. दुधाचं पातेलं लगेच पाण्यात टाकलं तर एका हाताने निघतं, दोन दिवस तसंच राहिलं तर घासत बसा, तसंच अगदी. पावसाळ्यात इथे सोमवार ते शुक्रवार शुकशुकाट, बग्ग्या जागच्या जागी, प्लगला लावायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. बॅटरी नुसती उभी राहूनही थोडी थोडी उतरते, महिन्याला दहा टक्के धरले तरी पाऊण युनिट, आणि ढगाळ दिवसातसुद्धा पॅनल दिवसाला थोडंफार देतंच, ते महिन्याच्या त्या पाऊण युनिटाला पुरून उरतं.

काकांनी पॅनलवाल्या बग्गीच्या बॅटरीचं झाकण उघडलं, काचेच्या नळीत अॅसिड ओढलं, अॅसिड जितकं घट्ट तितकी बॅटरी भरलेली, आतला तरंगता काटा बघा... बाराशे सत्तर, म्हणजे भरलेली. आता आंब्याखालच्या गाडीची. अकराशे नव्वद, म्हणजे अर्धीच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसतेय ती वेगळीच. काका गरम पाण्याने धुतात, वर पेट्रोलियम जेली. आणि पाणी डिस्टिलच, बोअरचं पाणी घालणाऱ्यावर काका अजून चिडून आहेत.

सगळ्यात मोठा शत्रू कोण म्हणाल तर प्रेम. नवीन वॉचमन आला की गाडी तापते म्हणून मायेने सावलीत नेऊन लावतो. अहो, एक फांदी पॅनलवर आली तरी तिसरा हिस्सा गेला. म्हणून काकांनी जमिनीवर चुन्याने चौकोन आखलाय, चाकं त्यातच पाहिजेत.

बाकीच्या तीन बग्ग्यांवर पॅनल कधी बसवणार, विचारलं. काका म्हणाले, बसवून काय करू, दिवसभर ऊन लागणारी जागा एकच आहे, बाकी सगळीकडे आंबा. आणि आंब्याला हात लावायचा नाही, मालकांच्या आईने लावलेला आहे.