वाफ्यांची जागा

शहरी शेतीचा विषय निघाला की भाजी किती निघेल, या हिशेबावर चर्चा येऊन थांबते. मला आज एका मैदानापासून सुरुवात करायची आहे. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १८६४ साली एर्न्स्ट इनोसेन्झ हाउशिल्ड या मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने पालकांची एक संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिने मुलांसाठी खेळाचे मैदान खुले केले. काही वर्षांनी हाइनरिश कार्ल गेझेल या शिक्षकांनी त्या मैदानाच्या कडेला मुलांना वाफे आखून दिले. मुले लवकरच कंटाळली, तण माजले, तेव्हा आईवडिलांनी हातात खुरपी घेतली आणि मुलांचे वाफे कुटुंबांचे झाले. जर्मनीतल्या श्रेबर बागांची, म्हणजे शहरातल्या कुटुंबांनी कसायच्या छोट्या बागांची, सुरुवात ही अशी आहे.

या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती वाफ्यांची जागा. मैदानावर मुलांसोबत आलेल्या माणसाची नजर वाफ्यांवर पडणारच होती. आपण मात्र वसाहतीचा आराखडा करताना इमारती, रस्ते आणि वाहनतळ आधी बसवतो आणि उरलेला कोपरा शेतीला देतो. तो कोपरा बहुधा उंच भिंतीच्या सावलीत असतो. फळभाज्यांना रोज निदान सहा तास थेट ऊन लागते, ते तिथे पोहोचत नाही. नळ दूर असतो. आणि वर्षभरात वाफे ओस पडले की रहिवाशांना हौसच नव्हती, असे आपण म्हणून मोकळे होतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे. गच्चीचेही तेच. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जाते, म्हणजे ३० सेंटीमीटर जाडीच्या थराचा भार चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होतो, तर राहत्या घराच्या मजल्यावर माणसे आणि सामान मिळून साधारण २०० किलोच धरलेले असतात. हे गणित पाया खोदण्याआधी मांडावे लागते. जुन्या वस्तीत माती तपासून घेणेही तितकेच गरजेचे, कारण जुन्या रंगांतून आणि पेट्रोलच्या धुरातून आलेले शिसे तिथे वर्षानुवर्षे टिकून राहते.

आता शिक्षणाकडे येतो. एका शाळेच्या आवारात मुलांनी पाचोळा आणि भाजीच्या देठांचा कमरेएवढा ढीग रचला होता. चौथ्या दिवशी त्यात लांब दांडीचा तापमापक खुपसला, तर पारा ५८ अंशांवर गेला. एका मुलीने ढिगात हात घातला, चटकन मागे घेतला आणि विचारले, "आत विस्तव कोणी ठेवला?" सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून ही ऊब येते, हे मी तिला सांगितले; पण पुढच्या आठवड्यात पारा उतरला, मुलांनी ढीग उलथला, आत हवा खेळली आणि पारा पुन्हा चढला, तेव्हा ते तिला खरे पटले. ही नोंद रोज झाली, कारण ढीग वर्गाच्या वाटेवर होता. तोच मागच्या भिंतीआड असता, तर दुसऱ्या दिवशीच विसरला गेला असता.

म्हणून वास्तुरचनाकारांना माझी विनंती आहे की, मुले कंटाळणार आणि सुट्ट्यांत शाळा बंद राहणार, हे धरूनच वाफे शाळा आणि घरे यांच्या मधल्या रोजच्या वाटेवर आखावेत, आणि नळ तिथेच द्यावा, म्हणजे पाणी घालायला कोणाला वाट वाकडी करावी लागणार नाही.