कापड अजून सरलं नाही

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या कुठल्याही गावात सकाळी वावराच्या वाटेवर उभं राहा. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवून बाया जाताना दिसतील. पऱ्हाटीची वाळलेली बोंडं हात ओरबाडतात, डोक्यावर ऊन असतं, त्याला हा शर्ट उतारा. वेचलेला कापूस टाकायची कमरेची ओटीसुद्धा जुन्या साडीचीच. कापूस इथला, १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिलही सुरू झाली, पण शेतमजुराच्या घरी कापड कायम जपूनच वापरलं गेलं.

(दृश्य : ओसरी, पायमशीन, कपड्यांचं गाठोडं)

जुन्या शर्ट-साड्यांतून लेकरांचे कपडे शिवणाऱ्या ताईंनी अजून कात्री उचललेली नाही. शर्ट दोन्ही हातांनी ताणून त्या दाराच्या उजेडासमोर धरतात. विरलेल्या जागेतून उजेड जास्त येतो. शेजारी बसलेल्या पोरीला सांगतात, ‘‘हे पाय बाई, इथलं कापड सरलं.’’ तिथे खडूची खूण. खरी हुशारी या पाहण्यात आहे. मशीन चालवणं महिन्या-दोन महिन्यांत जमतं.

शर्ट आधी झिजतो कॉलरवर, कफांवर आणि कोपरांवर. पाठ आणि खालचा घेर बहुधा शाबूत असतो. म्हणून कॉलर आणि बाह्या काढून टाकायच्या, काखेखालून आडवं कापायचं आणि शर्ट फिरवायचा. बटणपट्टी मागे गेली की लहान मुलीच्या फ्रॉकचा घेर तयार! मागचं उघडं आयतं, काज-बटणं करायची कटकट वाचली. वरच्या अंगाला साडीचा काठाचा तुकडा, कमरेला चुण्या.

उसवताना शिवण ओढून फाडायची नाही. ब्लेडनं दर तीन-चार टाक्यांआड धागा कापला की पट्टी अलगद सुटते. टीपही थोडी लांब ठेवायची. बारीक टाक्यांनी जुन्या कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिथेच फाटतं. शिवणीला माया, म्हणजे कडेचं जास्तीचं कापड, सोडायची ती नव्या कापडापेक्षा जास्त.

साडीचा हिशेब वेगळा. सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर, पण ती सगळीकडे सारखी विरत नाही. बसण्या-उठण्याची जागा आधी जाते. आत खोचलेल्या टोकाचा रंगही बराच टिकलेला असतो, कारण त्याला ऊन लागत नाही. परकर किंवा झबलं निघतं ते तिथून. आपल्या आज्यांना हे नवं नव्हतं. लुगडं मधून विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडं गरिबीची खूण मानलं जाई. आज तीच जोडणी व्हिडिओत फॅशन म्हणून दाखवतात, तीही कोऱ्या करकरीत साडीवर. एवढी नवी साडी कापायची कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

तान्ह्या बाळासाठी तर जुनं सुतीच बरं. ते धुवून धुवून मऊ झालेलं असतं, आटायचं तेवढं आटलेलं असतं, सुटा रंग केव्हाच निघून गेलेला असतो. कापड सुती की पॉलिएस्टर अशी शंका आली तर एक धागा जाळून बघा. सुती धाग्याची राख होते, जळक्या कागदासारखा वास येतो; पॉलिएस्टरची वितळून कडक गोळी होते. विदर्भातल्या ४५ अंशांत ती गोळीवाली साडी लेकराच्या अंगाला नको. तिची पिशवी करा.

उरलेल्या चिंध्या गोधडीत जातात, पोळ्याला बैलाच्या झुलीला लागतात.

आणि जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी दारात आली की घरात वाद ठरलेलाच. तिला न फाटलेली, काठाची साडी हवी असते. ताईंनाही नेमकी तीच हवी असते. सासूबाईंचा डोळा मात्र झाकणाच्या डब्यावर.