वह्यांची रद्दी, बाईंची वही

(दृश्य : वर्गाच्या कोपऱ्यात वापरलेल्या वह्यांचा ढीग. मुलं पानं फाडतायत.)

फाडायची परवानगी मिळाली की मुलं कशी तुटून पडतात, बघा. ‘पान फाडू नकोस’ हे वर्षभर ऐकलेले हात आहेत हे. वर्ष संपत आलंय, वह्या भरल्यात आणि बाईंना द्यायची भेट याच वह्यांतून काढायची, म्हणजे त्यांचा नवा कागद करून त्याची एक वही बांधायची, असं या वर्गानं ठरवलंय. दुकानातून काहीही येणार नाही. पानं फाडण्यापासून शेवटची गाठ मारेपर्यंत सगळं मुलांनीच करायचं.

आधी निवडानिवड. वहीच्या पिना काढायच्या. चकचकीत कव्हरं बाजूला, कारण त्यांच्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि तो पाण्याला दाद देत नाही. मेणखडूनं रंगवलेली पानंही बाजूला. मेण पाण्यात मिसळत नाही, त्याचे ठिपके नव्या कागदावर तसेच उमटतात. उरलेल्या पानांचे टपालाच्या तिकिटाएवढे तुकडे. कात्री मुद्दामच दिलेली नाही. कापताना कागदाचे तंतू मधूनच तुटतात, फाडताना ते बरेचसे लांब राहतात. कागदाची ताकद या लांबीत असते.

हे तुकडे रात्रभर पाण्यात भिजले. तो भाग आम्ही चित्रित केला नाही, बादलीत काहीच घडत नसतं.

(दृश्य : मिक्सर. भांड्यात मूठभर तुकडे आणि भरपूर पाणी.)

मिक्सर फिरवणारा हात मोठ्या माणसाचा आहे. पूर्ण कामात मोठ्यांचा हात लागला तो एवढाच. थोडं फिरवायचं, थांबायचं, परत फिरवायचं. सलग चालवलं तर मोटर तापते. हळूहळू अक्षरं दिसेनाशी होतात आणि ओल्या कापसासारखा लगदा तयार होतो.

इथं जरा थांबू या, कारण गंमत पुढे आहे. या लगद्यात गोंद घातलेला नाही, तरी त्याचा कागद कसा होतो? कागद म्हणजे वनस्पतींचे सेल्युलोजचे तंतू. पाण्यात ते सुटे होऊन तरंगतात. पाणी निघून जायला लागलं की जवळ सरकतात, एकमेकांत गुंततात आणि रेणूंच्या पातळीवर एकमेकांना धरून बसतात. या पकडीला रसायनशास्त्रात हायड्रोजन बंध म्हणतात. रद्दीपासून कागद करणं काही आजचं नाही. चीनच्या हान दरबारातल्या चाई लुन या अधिकाऱ्यानं इसवी सन १०५ मध्ये कागदाची कृती सम्राटापुढे मांडली, अशी नोंद आहे. त्याच्या कृतीत झाडाची साल होती, चिंध्या होत्या आणि मासेमारीची जुनी जाळीसुद्धा. त्याच्याही आधीच्या कागदाचे तुकडे उत्खननात सापडलेत, पण नाव राहिलं ते त्याचं.

(दृश्य : पसरट टब. दोन लाकडी चौकटी, एकीवर ताणून बसवलेली बारीक जाळी.)

या चौकटी म्हणजे फोटोच्या दोन जुन्या फ्रेमा, एकाच मापाच्या. एकीवर जाळी ठोकलीय. दुसरी मोकळी आहे, ती वर ठेवायची, म्हणजे कागदाला कडा मिळते. जाळी ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली हवी. सैल असेल तर मधे पाणी साचतं आणि कागद पोटात जाड होतो.

टबात बहुतेक सगळं पाणीच आहे, लगदा अगदी थोडा. आता या मुलीचे हात बघा. तिनं चौकट तिरकी धरून टबात सोडली, पाण्याखाली आडवी केली आणि सरळ वर उचलली. पाणी खाली गळतंय तोवर एकदा डावीउजवीकडे, एकदा पुढेमागे हलकंसं हलवलं. या हलवण्यामुळे तंतू आडवेउभे एकमेकांत अडकतात. पण पाणी उतरून गेल्यावर हलवलं की पदर फाटतो. नेमकं कधी थांबायचं, हे सांगून कळत नाही. तिला ते चौथ्या-पाचव्या वेळी कळलं आणि लगेच ती शेजारच्याला शिकवायला लागली. ते बघा.

याचा फाटला. हरकत नाही. जाळी पालथी करून टबात बुडवली की लगदा परत पाण्यात. पुन्हा सुरुवात. चूक झाली तर वाया काहीच जात नाही, असं शाळेतलं दुसरं काम मला तरी पटकन आठवत नाही.

(दृश्य : ओल्या कापडावर चौकट उलटी टेकवताना, अगदी जवळून.)

हा सगळ्यात अवघड टप्पा. वरची चौकट काढली, ओलं कापड पसरलं आणि जाळीची चौकट एका कडेवरून टेकवत दुसऱ्या कडेपर्यंत पालथी केली. आता जाळीच्या पाठीवरून स्पंज दाबायचा, पिळायचा, परत दाबायचा. घाई नाही. मग एक कोपरा अलगद उचलून बघायचा… सुटला.

कागदाच्या जवळ जाऊ या. राखाडी रंग आहे तो पेन्सिलीचा आणि शाईचा. निळे कण बॉलपेनचे. आणि हे मधेमधे लाल ठिपके दिसतात, ते बाईंच्या पेनाचे. वर्षभर तपासलेल्या वह्या आहेत या.

(निवेदन थांबतं. दृश्य चालू राहतं.)

कापड, कागद, कापड, कागद, अशी थप्पी रचली. वर-खाली दोन फळ्या. दाबायला यंत्र नाही, पण वर्ग हाताशी आहे. दोघं चढले, तिसऱ्याला जागा नाही, तरी तो चढलाच. बाजूंनी पाणी बघा कसं निघतंय. जितकं पाणी इथं निघेल तितका कागद घट्ट होईल. नंतर एकेक कागद खिडकीच्या काचेवर चिकटवला. काचेला लागलेली बाजू गुळगुळीत वाळते, मोकळी बाजू खरखरीत राहते. वाळायला हवेप्रमाणे एक-दोन दिवस जातात. शेवटच्या दिवशी सकाळी असलं काम काढून चालत नाही.

भेट म्हणून मुलं आणखी बरंच काही करतात. फुलं टीपकागदात ठेवून जाड पुस्तकांखाली दाबतात. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ओलावा राहिला तर पाकळ्या तपकिरी पडतात. मीठ घालून मळलेल्या कणकेचे आकारही छान होतात. पण आमचा कॅमेरा कागदापाशी होता, आणि खरं सांगायचं तर तिथून हलावंसं वाटलं नाही.

(दृश्य : वाळलेले कागद. लिहिणारी मुलं.)

या कागदावर शाईचं पेन चालवलं की शाई पसरते, कारण त्याला खळ लावलेली नाही. म्हणून पेन्सिल किंवा बॉलपेन. प्रत्येकाला एक पान. या टप्प्यावर मोठ्यांना फार मोह होतो. शेजारी बसून ते वाक्यं सांगायला लागतात आणि तीसच्या तीस पानांवर ‘आपण आम्हाला घडवलंत’ येतं. इथं कुणी काही सांगितलेलं नाही. फक्त विचारलं, की वर्षातली कुठली गोष्ट तुला आठवते? या पानावर लिहिलंय, ‘माझा भागाकार चुकला तेव्हा तुम्ही हसला नाहीत.’ या पानावर नुसता वर्गातला पंखा काढलाय. का, ते काढणाऱ्यालाच माहीत.

पानं मधोमध दुमडून एकात एक घातली. घडीवर तीन भोकं. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं भोक सोडून खालच्यातून बाहेर आणि परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. पानं तीस का असेनात, टाके एवढेच.

सगळ्यांची मिळून एकच वही झाली, हे बरं झालं. कुणाची भेट मोठी, कुणाची छोटी, हा प्रश्नच उरत नाही.

(दृश्य : बाई वही उघडतात.)

५ ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन असतो, १९९४ पासून. ही वही त्या दिवसाची नाही, या वर्गाची आहे.

(निवेदन थांबतं. पानं उलटताना.)

महागड्या भेटी घेण्यावर अनेक ठिकाणी शिक्षकांना मर्यादा असते, तिचा इथं संबंध येत नाही. घरी मदतीला कुणी नाही अशी मुलंही मागे पडली नाहीत, कारण सगळं काम वर्गातच झालं.

(दृश्य : टब रिकामा करताना.)

टबात लगदा उरलाय. तो मोरीत ओतायचा नाही, नळी तुंबते. कापडातून गाळून, पिळून त्याचे गोळे करायचे आणि वाळवून ठेवायचे. पुढच्या वर्षी भिजवले की परत चालतात. मात्र दर खेपेला तंतू थोडे आखूड होतात, तेव्हा त्यात नव्या वहीची चार पानं घालावी लागतील.