पहिल्या पन्नासात गमावलेली शर्यत

नमस्कार श्रोतेहो.

शंभर मीटर फ्रीस्टाइलची शर्यत बघताना शेवटच्या पंधरा मीटरांवर नजर ठेवा. हात भराभर फिरत असतात, पण पोहणारा मात्र पुढे सरकत नाही. स्नायू थकलेले असतात. दिसतो शेवटी, पण हा थकवा बहुतेक वेळा पहिल्या पन्नास मीटरांतच ओढवून घेतलेला असतो.

११ ऑगस्ट २००८, बीजिंग ऑलिंपिक. पुरुषांची चार गुणिले शंभर मीटर फ्रीस्टाइल रिले. (रिलेइतकी देखणी शर्यत जलतरणात दुसरी नाही, आणि आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत ती शेवटी घाईघाईनं उरकतात, हे मला अजिबात पटत नाही.) चौथ्या लेनमध्ये अमेरिका, पाचवीत फ्रान्स. तीन जण पोहून झाले तेव्हा फ्रान्स ०.५९ सेकंदानं पुढे. फ्रान्सचा शेवटचा गडी होता पंचवीस वर्षांचा, धिप्पाड अलँ बर्नार. त्याच्या मागून पाण्यात उतरला बत्तीस वर्षांचा जेसन लेझॅक.

बर्नारनं पहिले पन्नास मीटर कापले २१.२७ सेकंदांत. लेझॅकनं २१.५०. वळणावर अंतर ०.८२ सेकंद, म्हणजे जवळजवळ शरीरभर लांबी. शर्यत संपल्यातच जमा होती. पण बर्नार लेझॅकच्या बाजूच्या दोरीला चिकटून पोहत होता, आणि लेझॅक दोरीलगत सरकून त्याच्या लाटेचा फायदा घेत राहिला. शेवटच्या टप्प्यात बर्नारचा वेग ढासळला, लेझॅकचा टिकला. दुसऱ्या पन्नासाला बर्नारला लागले २५.४६ सेकंद, लेझॅकला २४.५६. अमेरिका ३ मिनिटं ८.२४, फ्रान्स ३ मिनिटं ८.३२. फरक आठ शतांश सेकंदांचा! बर्नारची दोन पन्नासं बघा: ४.१९ सेकंदांचा फरक. लेझॅकच्या दोहोंत ३.०६. आणि बर्नार काही कच्चा नव्हता. तीनच दिवसांनी वैयक्तिक शंभर मीटरचं सुवर्ण त्यानंच ४७.२१ सेकंदांत जिंकलं.

मग त्या दिवशी झालं काय? पूर्ण जोर लावला की पहिले आठ-दहा सेकंद स्नायूतला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा, साठा कामी येतो. तो उतरला की ऑक्सिजनशिवाय ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, मोडून काम भागवावं लागतं. फॉस्फेट आणि हायड्रोजन आयन साचतात, आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम पुरेसं सुटत नाही. थकव्याचा सगळा दोष लॅक्टिक ॲसिडवर टाकायची सवय सोडायला हवी. लॅक्टेट, म्हणजे त्याचं शरीरातलं रूप, तर शरीर पुढे इंधन म्हणून वापरतं. त्यात पाण्याचा हिशेब कठोर: वेग ५ टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे १६ टक्के जास्त लागते. म्हणून पुन्हा सांगतो, शर्यत गमावली जाते ती पहिल्या पन्नासात.

थकल्यावर कोपर खाली पडतं, तळहातातून पाणी निसटतं, कंबर बुडते. सरावात हे पकडायचं असं: शंभर मीटरचे चार तुकडे करा, प्रत्येक पंचवीसनंतर १० सेकंद विसावा, वेग शर्यतीचा. दर तुकड्यात हात किती वेळा मारले ते मोजा. पहिल्यात सोळा आणि चौथ्यात वीस लागले, तर पाण्यावरची पकड सुटते आहे. तिथे जोर वाढवू नका, पहिला तुकडा थोडा आवरून घ्या. यासाठी सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ लागतं. पालिकेच्या प्रत्येक तलावावर ते असायलाच हवं. रंगीत फरशा नंतर बसवता येतील.

आणि शर्यत संपली की पोराला टॉवेलात गुंडाळून बाकावर बसवू नका. १५ ते २० मिनिटं सावकाश पोहू द्या. रक्तातलं लॅक्टेट बसून राहण्यापेक्षा असं लवकर उतरतं. दुपारी दुसरी शर्यत असेल तर हे टाळूच नका.