बंद यंत्रातला जोर

नमस्कार श्रोतेहो. यंत्र अडलं, कुणीतरी लाल बटण दाबलं, घरघर थांबली आणि फिटरनं आत हात घातला. घात होतो तो इथंच. आणीबाणीचं ते बटण बहुतेक यंत्रांत फक्त कंट्रोल सर्किट, म्हणजे चालू-बंदचा हुकूम देणारी जोडणी तोडतं, पॅनेलपर्यंत आलेली वीज तशीच असते. पुरवठा तोडायचा तो आयसोलेटरवर, म्हणजे यंत्राची वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचवर, आणि तिथंच कुलूप घालायचं.

कुलूप ज्याचं त्याचं, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. चार जण कामाला असतील तर चार कुलपं; त्यासाठी अनेक भोकांची कडी मिळते. नाव लिहिलेला नुसता टॅग म्हणजे विनंती, ती कुणाला अडवत नाही. आणि दुसरी किल्ली सुपरवायझरच्या खणात कुणाच्याही हाती लागेल अशी पडलेली असेल, तर मी त्या कुलपाला शोभेची वस्तू म्हणेन.

वीज तोडली तरी जोर उरतोच. वर थांबलेला प्रेसचा रॅम, म्हणजे वरखाली होणारा जड भाग, स्वतःच्या वजनानं खाली येऊ शकतो, म्हणून त्याखाली सेफ्टी ब्लॉकचा भक्कम टेकू द्यायचा. हवेचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पुढच्या लाइनमध्ये हवा कोंडलेली असते. ती सोडून गेज शून्यावर आलेलं पाहायचं. दाबलेली स्प्रिंग, गरगरणारं फ्लायव्हील, पाइपातली वाफ यांचंही तेच. सगळ्यात फसवे मोटारीच्या ड्राइव्हमधले, म्हणजे तिचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणातले, वीज साठवणारे कपॅसिटर. डिस्प्ले विझल्यावरही त्यांत काही मिनिटं जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं. किती वेळ थांबायचं ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं. तेवढं थांबा, मग मोजा. मीटर आधी चालू लाइनवर तपासा, मग बंद केलेल्या जागी लावा, आणि पुन्हा चालू लाइनवर. मीटरच बिघडलेला असला तर तो जिवंत तारही मेलेली दाखवेल.

यानंतर माणसं बाजूला करून स्टार्ट बटण दाबून पाहायचं. कुलूप घातल्यावर हे अनेकांना खुळेपणाचं वाटतं. पण चुकून शेजारच्या यंत्राचा आयसोलेटर पाडला असेल, तर ते इथं कळतं. यंत्र हललं नाही, की बटण पुन्हा बंद स्थितीत आणायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.

काम शिफ्टच्या पलीकडे लांबलं, तर येणाऱ्यानं आधी आपलं कुलूप घालावं, जाणाऱ्यानं नंतर आपलं काढावं. मध्ये एक मिनिटही आयसोलेटर बिनकुलपाचा राहता कामा नये.