साडेआठची फास्ट आणि उरलेले जीबी

(घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

मागे आवाज येतोय ना? बरं. सोसायटीसाठी इंटरनेटची कंपनी निवडायचीय, त्यावर मला बोलायचंय, आणि सेक्रेटरीकाकांनी सांगितलंय की वीस मिनिटांत आटप, नंतर टँकरच्या बिलाचा विषय आहे, आणि मला हसू आलं कारण टँकर मोजून घ्यायचा की महिन्याचं ठोक ठरवायचं यावर तुम्ही इथे जे भांडता तेच भांडण इंटरनेटवाले कित्येक वर्षं भांडतायत.

फक्त एक आहे, टँकर रिकामा झाला की झाला. जीबीचं तसं नसतं. तुम्ही पहाटे तीनला पिक्चर बघितलात म्हणून कंपनीच्या टाकीतलं काही कमी होत नाही, केबल पुरून झालीय, मशीन चालूच आहेत, वीज जळतेच आहे. मग मोजायचं कशाला?

मोजण्याची भीती काय असते ते मी घरी बघितलंय. २००६ ची गोष्ट, आम्ही तेव्हा नौपाड्यात राहायचो, नवीन ब्रॉडबँड घेतलेलं, महिन्याला १ जीबी आणि त्यापुढे एमबीमागे जवळपास रुपया. बाबा दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर रोजचे एमबी लिहायचे, आज ३१, आज ४४, आणि ज्या दिवशी मी गाणी उतरवली त्या दिवसाखाली लाल रेघ. रात्री ठरावीक वेळात फुकट असायचं, म्हणून मी गजर लावून उठायचो, सगळं डाऊनलोडला लावायचो आणि सकाळी वेळ संपायच्या आत बंद करायला परत गजर. एकदा दुसरा गजर वाजलाच नाही. मॉडेमचे हिरवे दिवे दुपारपर्यंत लुकलुकत राहिले, बिल आलं अडीच हजारांचं, आणि बाबांनी सहा महिने मॉडेमची वायर कपाटात कुलपात ठेवली. कंपनीला फोन केला तर म्हणे, साहेब मीटर दाखवतंय. तो मीटर आम्हाला कधी दिसला नाही.

आता लोकलचं घ्या. ठाण्याहून महिन्याचा पास काढलात की तुम्ही दिवसातून दोनदा जा नाहीतर सहादा जा, रेल्वे विचारत नाही. कारण दुपारी दोनच्या रिकाम्या गाडीत तुम्ही जास्तीचे बसलात तर रेल्वेचा एक पैसा वाढत नाही. रेल्वेला घाम फुटतो तो सकाळच्या साडेआठच्या फास्टला. जास्त डबे, जास्त गाड्या, पाचवी-सहावी लाइन, हा सगळा खर्च त्या दोन-तीन तासांच्या गर्दीसाठी. इंटरनेटची साडेआठची फास्ट म्हणजे रात्री नऊ ते अकरा, सगळे जेवून मोबाईल आणि टीव्ही घेऊन बसतात तेव्हा. कंपनीला पाइप जाड करावा लागतो, म्हणजे लाइनची क्षमता वाढवावी लागते, ती तेवढ्यासाठी. आणि जीबीचा मीटर नेमकं तेच बघत नाही, त्याला पहाटे तीनचा जीबी आणि रात्री दहाचा जीबी सारखाच.

अजून एक गंमत. लोकांना वाटतं प्रत्येक व्हिडिओ अमेरिकेतून समुद्राखालून येतो. वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल किनाऱ्यावर येतात हे खरंय, पण जे रोज लाखो लोक बघतात त्याची कॉपी जवळच ठेवतात. ऐरोली, रबाळे, महापे, ठाणे-बेलापूर रोडला त्या खिडक्या नसलेल्या मोठ्या बिल्डिंगा दिसतात ना, डेटा सेंटरच्या, तुमची सिरीयल बऱ्याचदा तिथूनच कळवा पूल ओलांडून येते. रिक्षा जास्त वेळ घेईल.

हे फक्त माझं मत नाही, कॅनडात यावर रान पेटलं होतं. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या नियामकाने, सीआरटीसीने, मोठ्या कंपनीला परवानगी दिली की तुमच्या लाइनी भाड्याने घेणाऱ्या छोट्या कंपन्यांकडूनही त्यांच्या गिऱ्हाइकांच्या वापरानुसार पैसे घ्या. छोट्यांचे अनलिमिटेड प्लॅन जाणार, कुठे कुठे महिन्याला २५ जीबीवर येणार अशी वेळ आली. जवळपास पाच लाख लोकांनी सह्या केल्या, सरकारने डोळे वटारले, आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरला, छोट्यांकडून एकतर ठोक रक्कम घ्यायची, नाहीतर गर्दीच्या वेळेला किती जाडीचा पाइप लागतो त्यावर पैसे घ्यायचे. म्हणजे साडेआठच्या फास्टचा हिशेब! अमेरिकेतही २००९ मध्ये टाइम वॉर्नर केबल रोचेस्टरसारख्या शहरांत मीटर लावायला निघाली होती, ओरडा झाल्यावर एप्रिलमध्येच गुंडाळलं.

आता कुणी म्हणेल, समोरच्या विंगमधला पोरगा दिवसभर गेम उतरवतो आणि मी फक्त व्हॉट्सॲप बघते, मी तेवढेच पैसे का द्यायचे? बरोबर आहे, आणि इथे मी जरा अडकतो. माझी मावशी कळव्याला राहते, तिच्याकडे बटणांचा फोन, तिला फक्त बोलायचं असतं आणि तरी रोजचा डेटा गळ्यात पडायचा, रात्री बारा वाजले की न वापरलेला गायब. २०१४ ला मोबाईलचा एक जीबी सरासरी २६९ रुपयांना पडायचा, २०१८ ला बारा रुपयांच्या आत आला, मस्तच झालं, पण मावशीला त्याचा काय उपयोग? शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायला, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकाला, कंपन्यांना सांगावं लागलं की डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्जही ठेवा. तेव्हा कमी वापरणाऱ्यासाठी छोटा, स्वस्त, कमी स्पीडचा प्लॅन असायलाच हवा. त्यासाठी मीटर लागत नाही, पास जसा फर्स्ट क्लासचा आणि सेकंडचा वेगळा असतो तसं.

आता ब्रोशरवर ‘अनलिमिटेड’ असतं आणि खाली मुंगीच्या अक्षरात महिन्याला ३३०० जीबी. घाबरू नका, १०० एमबीपीएस स्पीडची लाइन रात्रंदिवस फुल चालवलीत तरी ते संपायला तीन दिवसांच्या वर लागतात, घरात कुणी एवढं वापरत नाही. उलट १०० जीबीचा प्लॅन असेल तर तो त्याच स्पीडने सव्वादोन तासांत संपतो, स्पीड फेरारी गाडीचा आणि पेट्रोल पेल्याभर!

म्हणून सोसायटीसाठी कंपनी निवडताना किती जीबी हे शेवटी विचारा. आधी विचारा, आमच्या बिल्डिंगला येणाऱ्या एका लाइनवर किती घरं टाकणार? रात्री दहाला कमीत कमी स्पीड किती, आणि ते लिहून देणार का? लिमिट संपलं तर लाइन हळू होणार की बिल वाढणार? हळू झाली तर चालेल, बिल वाढलं तर नको, वायर कपाटात जाते. मागच्या आठवड्यात जो सेल्सवाला आला होता त्याला मी पहिला प्रश्न विचारला तर तो म्हणाला, सर हे तर आजवर कुणी विचारलंच नाही, ऑफिसला विचारून फोन करतो.

अजून फोन आलेला नाही. चला काका, टँकरचं काय ते बोला.